घाट उतरून आलात, आता मागचं देणं आधी बघा

२००८ च्या जूनमध्ये मी आंबा घाट उतरून रत्नागिरीला आलो. पावसात मासेमारी बंद असते आणि तेव्हाच बर्फाच्या कारखान्यांची दुरुस्ती निघते, म्हणून मला त्या दिवसांत बोलावलं होतं. सांगोल्याकडचा माणूस मी, एवढा पाऊस आयुष्यात पाहिला नव्हता. मिरकरवाडा बंदराजवळ कॉम्प्रेसरचं काम धरलं ते आजतागायत तेच करतोय. आपल्याकडची पोरं आता दरवर्षी येतात. कुणी बोटीवर, कुणी आंब्याच्या बागेत, कुणी शाळेवर. खोली, रेशनकार्ड, मुलांची शाळा हे सगळे विचारतात. गावाकडच्या देण्याचं मात्र कुणी तोंडातून काढत नाही. त्यापायी माझी काही वर्षं गेली, म्हणून लिहितोय.

गाव सोडलं की देणंही गावातच राहिलं, असं मलाही वाटायचं. २०१६ मध्ये इथे दोन गुंठ्यांचा तुकडा घ्यायचा ठरवला आणि कर्जासाठी एका बँकेत गेलो. पगार चांगला, माझ्या नावावर एकही कर्ज नाही. साहेबांनी माझा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीचा अहवाल, माझ्याकडे फिरवला. पानावर छोट्या चौकटींची ओळ, प्रत्येक महिन्याची एक. सुरुवातीला ०००, ०००, मग ०३०, ०६०, ०९० आणि पुढे आकडे वाढतच गेलेले. हप्ता किती दिवस थकला ते त्या चौकटीत लिहिलेलं असतं. चुलतभावाच्या ट्रॅक्टरला मी जामीन राहिलो होतो, ते कर्ज होतं हे. सही करून मी विसरलो होतो. नोटिसा येत होत्या, पण सांगोल्याच्या पत्त्यावर, आणि तिथे वडिलांना वाचता येत नव्हतं.

कायद्याने जामीनदारावर कर्जदाराइतकीच जबाबदारी असते आणि बँका जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज जामीनदार म्हणून दाखवतात. तेव्हा आधी आठवा, कुणाकुणासाठी सही केलीत.

अहवाल बघणं सोपं आहे. देशात हा अहवाल बनवणाऱ्या चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे २०१७ पासून प्रत्येकीला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. पॅन आणि मोबाइल नंबर टाकून कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. इथे आल्यावर सिम बदललं असेल तर आधी गावाकडच्या बँकेत नंबर आणि पत्ता बदलून घ्या, म्हणजे ओटीपी आणि नोटिसा तुमच्यापर्यंत पोहोचतील. स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचे गुण, ३०० ते ९०० मध्ये असतो. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्याने तो उतरत नाही. एका महिन्यात पाच बँकांत अर्ज टाकले तर मात्र उतरतो. आकड्यापेक्षा खालची यादी नीट वाचा. तुम्ही न घेतलेलं कर्ज दिसतंय का, फेडलेलं अजून चालू दिसतंय का, पॅन आणि जन्मतारीख बरोबर आहे का. चूक असेल तर त्याच कंपनीकडे तक्रार टाकायची. तीस दिवसांत निकाली काढली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे. पैसे घेऊन सिबिल साफ करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका आणि ओटीपी तर अजिबात सांगू नका. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही.

आता सगळ्यात जास्त फसतात ती जागा. ट्रॅक्टरच्या कर्जाच्या बँकेने मला सांगितलं, थोडी रक्कम भरा, बाकी सोडून देतो. मोह होतो. पण मग खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि पुढची बँक तोच शेरा आधी बघते. लोकअदालतीत तडजोड करतानाही खात्याची नोंद कशी लागणार ते लेखी मागा. ‘राइट ऑफ’ म्हणजे बँकेने हिशेबाच्या वहीतून कर्ज बाजूला काढणं, ती माफी नव्हे, वसुली चालूच राहते. मी आणि भावाने मिळून चौदा महिन्यांत पूर्ण रक्कम भरली, मगच ‘क्लोज्ड’ आलं. ज्याची खरोखर ऐपत नाही त्याने तडजोड करावी, त्यात लाज नाही. ऐपत असताना करू नका.

पैसे भरून काम संपत नाही. नो ड्यूज दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचा कागद, घ्या. शेतावर बोजा असेल तर हा दाखला तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कातली नोंद कमी करून घ्या, नाहीतर वाटणीच्या वेळी भावकीत भांडण लागतं. तारण ठेवलेली घर-जमिनीची मूळ कागदपत्रं पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये द्यावे लागतात, हा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. वसुलीवाले सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाहीत. बँक दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, १४४४८ वर फोन लावा.

गावच्या सोसायटीचं आणि पतसंस्थेचं देणं वेगळं समजा. सिबिल कोरा दिसला म्हणून ते नाही असं होत नाही. सहकार कायद्याच्या १०१ कलमाचा वसुली दाखला निघाला की जामीनदाराच्याही दारात माणूस येतो. सावकाराचे पैसे असतील तर त्याच्याकडे परवाना आहे का ते विचारा. विनापरवाना सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, त्यासाठी २०१४ चा कायदा आहे.

इथलं एक सांगतो. बोटीवर जाणाऱ्यांना हंगामाआधी उचल मिळते, आपल्याकडे ऊसतोडीला मिळते तशीच. घ्या, पण एकाच मालकाची, आणि किती फिटली ते दर महिन्याला वहीत समोर लिहून घ्या. आंब्याचा पैसा एप्रिल-मेमध्ये येतो, बोटीचा पावसात थांबतो, हप्ता मात्र बारा महिने जातो. म्हणून कर्ज काढण्याआधी निदान तीन हप्ते बाजूला असू द्यात.

आणि कागद. माझा पहिला नो ड्यूज दाखला ट्रंकेत होता. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला बुरशी लागली, शिक्का वाचता येईना. दुसरी प्रत आणायला सांगोल्याला दोन हेलपाटे झाले. तुम्ही तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून डब्यात ठेवा, जमिनीपासून उंच. फोटो काढून बायकोच्या फोनवरही पाठवा.