आकाशात ओळख न पटणारं काही दिसलं, तर नोंद कशी करावी

दिसल्या दिसल्या मोबाइल वर करून झूम करत सुटू नका. आधी वेळ बघा, सेकंदासकट. भिंतीवरच्या घड्याळाचा उपयोग नाही. लोकल चुकू नये म्हणून घरोघरी ते पाच-सात मिनिटं पुढे ठेवलेलं असतं. मोबाइलची वेळ नेटवर्कवरून लागते, तीच घ्यायची. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जातं आणि साधारण सहा मिनिटांत जवळजवळ सगळं आकाश ओलांडतं. ‘साधारण आठच्या सुमारास’ असं लिहिलेली नोंद पडताळताच येत नाही.

दुसरं, जागेवरून हलू नका. तो दिवा गॅलरीच्या ग्रिलच्या एखाद्या गजाशी किंवा समोरच्या इमारतीच्या कोपऱ्याशी जुळवा आणि डोकं खांबाला टेकवून अर्धा मिनिट बघा. अंधारात एकट्या ठिपक्याकडे टक लावली की तो सरकल्यासारखा, थरथरल्यासारखा वाटतोच. तो डोळ्यांचा खेळ आहे. ‘नागमोडी जात होता’ अशा नोंदी बऱ्याचदा यातून येतात. गजाशी जुळवलेला दिवा हलला, तर तो खरंच हलला.

मग व्हिडिओ. कठड्यावर मोबाइल टेकवा, झूम शून्य, चौकटीत इमारतीची कड किंवा दिव्याचा खांब असू द्या, वीस सेकंद पुरे. खिडकीच्या काचेतून काढू नका, घरातला ट्यूबलाइट आकाशात उगवतो. झूम केल्यावर फोकस सुटतो आणि साधा ग्रहसुद्धा फुगून गोल तबकडी होतो. लोक तीच तबकडी ग्रुपवर फिरवतात. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा पाठवला तर तो दाबला जातो आणि फाइलमधली मूळ माहिती गळून पडते.

आता खरं काम: दिशा आणि उंची. इथेच सगळ्यांचं घोडं पेंड खातं.

लोक लिहितात, ‘शंभर मीटर उंचीवर, बसएवढा होता’. हे दोन्ही आकडे खोटे असतात, लिहिणारा प्रामाणिक असला तरी. अंतर माहीत नसेल तर आकार कळत नाही आणि आकार माहीत नसेल तर अंतर कळत नाही. रात्रीच्या आकाशात मधे झाड नाही, तार नाही, तुलनेला काही नाही. डोळ्याला दिसतो तो फक्त कोन. तेव्हा मीटर आणि फूट नोंदीतून पूर्ण काढून टाका. हव्यात दोन गोष्टी: दिगंश, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडून मोजलेला दिशेचा कोन (पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०), आणि उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासून वर किती अंश.

आधी उन्नतांश. हात पूर्ण ताठ करून मूठ आडवी धरली की ती साधारण १० अंश झाकते. करंगळीची रुंदी १ अंश, मधली तीन बोटं ५ अंश, ताणलेली वीत २० अंशांच्या थोडी वर. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा, करंगळीमागे तो आरामात लपतो. ‘चंद्रापेक्षा मोठा होता’ असं लिहिण्यापूर्वी एकदा हे करून बघा. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून एकदा घरी पडताळणी करा: क्षितिजापासून मुठीवर मूठ रचत थेट डोक्यावर जा. नऊ मुठी झाल्या तर ठीक. दहा झाल्या तर तुमची मूठ ९ अंशांची. कोपर वाकलं की माप बिघडतं, आणि वर वर जाताना ते वाकतंच.

क्षितिज कुठे धरायचं, हा पुढचा घोळ. ठाण्यात किंवा नव्या मुंबईत क्षितिज दिसतं कुणाला? समोरच्या टॉवरच्या गच्चीला क्षितिज धरलं तर वीस-तीस अंश तिथेच बुडाले. क्षितिज तुमच्या डोळ्यांच्या पातळीत असतं, मग तुम्ही तळमजल्यावर असा की सतराव्या मजल्यावर. अर्धी भरलेली पारदर्शक बाटली डोळ्यासमोर धरा आणि पाण्याची वरची रेघ एका सरळीत दिसेल अशी बघा. त्या रेघेच्या सरळीत समोरच्या इमारतीचा जो मजला येईल, ते तुमचं क्षितिज. तिथून मुठी मोजा. आणखी एक सवय मोडायची आहे: ४५ अंशांवरच्या गोष्टीला माणूस सर्रास ‘डोक्यावर’ म्हणतो. मान दुखेपर्यंत मागे टाकावी लागली नसेल, तर ते डोक्यावर नव्हतं.

आता दिशा. रेल्वेची पूर्व-पश्चिम आणि होकायंत्राची पूर्व-पश्चिम एक नाही. ‘ठाणे पूर्व’ म्हणजे रुळांची एक बाजू, एवढाच त्याचा अर्थ. खाडीवरूनही दिशा सांगू नका: ठाण्यातून ती पूर्वेला, वाशीतून पश्चिमेला. आणि ‘सूर्य मावळतो ती पश्चिम’ हा शाळेतला नियम फक्त मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास खरा. आपल्या अक्षांशावर जून आणि डिसेंबरात सूर्य अचूक पश्चिमेपासून जवळजवळ २५ अंश बाजूला मावळतो. अडीच मुठींची चूक, तीही आत्मविश्वासाने केलेली.

मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, पण ग्रिलला, गाडीच्या बॉनेटला किंवा लिफ्टच्या दाराला खेटून नाही. लोखंडाजवळ सुई वीस-तीस अंश सहज भरकटते. मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा चार-पाच वेळा फिरवा, लोखंडापासून दोन पावलं लांब व्हा, मग वाचा. चुंबकीय मागचं कव्हर असेल तर काढा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे ती दुरुस्ती विसरलात तरी चालेल.

तरीही होकायंत्रावर सगळा भरवसा टाकू नका. खात्रीची पद्धत दुसऱ्या दिवशी उजेडात करायची. त्याच जागी उभं राहा, दिवा जिथे दिसला आणि जिथे नाहीसा झाला त्या दोन्ही जागांखालची खूण शोधा: पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, डोंगराची खाच. फोटो काढा, त्यावर दोन फुल्या मारा. मग उपग्रह-नकाशावर तुमच्या गॅलरीपासून त्या खुणेपर्यंत रेघ ओढा. तिचा कोन हाच दिगंश. हे आळसापोटी टाळलं जातं आणि नोंद तिथेच मरते. दहा किलोमीटरवरच्या वस्तूच्या बाबतीत दिशेतली १० अंशांची चूक म्हणजे जमिनीवर पावणेदोन किलोमीटर. दोन ठिकाणच्या नोंदी जुळवून वस्तूची खरी जागा काढायची, तर एवढी ढिलाई परवडत नाही.

एक इशारा: खुणेवरून अंतर ठरवू नका. ‘उल्का येऊरच्या डोंगरामागे पडली’ हे वाक्य ठाण्यात हमखास ऐकू येतं. मोठी उल्का साधारण ८० ते १०० किलोमीटर उंचीवर पेटते. ती डोंगरामागे, दहा अंशांवर दिसली, तर ती सुमारे चारशे किलोमीटर लांब, अरबी समुद्रावर असते. येऊरला शोधायला जाऊन बिबट्याच भेटायचा.

आता संशयितांची यादी तपासा. इथे फार वेळ लागत नाही.

विमानं आधी. मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून उतरणारी विमानं घणसोली-कोपरखैरण्यावरून, साधारण दोन हजार फुटांवरून जातात. ती तुमच्या दिशेने येत असतील तर पुढचे प्रखर दिवे मिनिटभर एका जागी टांगल्यासारखे दिसतात, लुकलुकत नाहीत, आणि एकामागे एक तीन-चार असतात. शिवाय २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे, त्यामुळे उलवे-पनवेलकडचं जुन्या सवयीचं आकाश विसरा. विमानांच्या वाटा नकाशावर दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर त्या वेळेला मागे जाऊन बघा. लष्करी विमानं आणि काही हेलिकॉप्टर तिथे दिसत नाहीत, म्हणून ‘नकाशावर नव्हतं’ हा पुरावा होत नाही.

मग स्टेलॅरियम या आकाश-नकाशाच्या अ‍ॅपमध्ये ग्रह आणि हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर उपग्रह बघा. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांहून लांब जात नाही, त्यामुळे मध्यरात्री माथ्यावर दिसलेला दिवा शुक्र नक्कीच नाही. संध्याकाळी पश्चिमेला तासभर ‘घिरट्या घालणारा’ मात्र बहुधा तोच. सरळ रेषेत मण्यांसारखे सरकणारे दिवे म्हणजे प्रक्षेपणानंतरच्या काही दिवसांतले स्टारलिंकचे इंटरनेट उपग्रह.

स्थानिक संशयित लोक विसरतात. दिवाळीतले उडते कंदील: नारिंगी, न लुकलुकणारे, सगळे वाऱ्याच्या एकाच दिशेने. पावसाळ्यात ढगांच्या पोटावर गोल फिरणारे फिकट ठिपके: खालच्या कार्यक्रमातल्या प्रकाशझोताचे. हिवाळ्यात खाडीवरचे रोहित (फ्लेमिंगो) रात्रीही उडतात. शहराचा उजेड पोटावर पडला की फिकट ठिपक्यांची मूक रांग जाते आणि बघणारा हबकतो. आणि हवामान खात्याचे फुगे. सांताक्रूझहून ते पहाटे आणि संध्याकाळी, साडेपाचच्या निरीक्षणासाठी सुटतात. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेचे, म्हणजे फुगा आपल्याच डोक्यावरून पूर्वेला जातो. खाली अंधार असताना वर त्याच्यावर ऊन पडतं, आणि मग तो चकाकणारा पांढरा ठिपका सगळ्या सोसायटीला गच्चीवर आणतो.

एवढ्यातून उरलं, तर लिहा. अशी नोंद कामाची नाही: ‘रात्री नेरूळला खूप मोठा तेजस्वी गोळा प्रचंड वेगाने गेला, विमान नव्हतं.’ अशी आहे: ‘१४ जानेवारी. नेरूळ, सातवा मजला, पश्चिमेची गॅलरी. सायंकाळी ७:५५:१० ला पहिल्यांदा दिसला, दिगंश २५०, ट्रॉम्बेच्या डोंगराच्या थोडा डावीकडे, दीड मूठ वर. ७:५७:४५ ला दिगंश ३३०, वाशी स्टेशनच्या दिशेला, सव्वातीन मुठींवर हळूहळू विझला. पांढरा, एकच, लुकलुकला नाही. आवाज नाही. आकाश निरभ्र. सोबत आणखी एक जण, त्याचं वेगळं लिहिलेलं आहे.’ यात ‘वेगाने’ नाही, ‘गोळा’ नाही, आणि अवकाश स्थानकाचं वेळापत्रक उघडून दोन मिनिटांत पडताळता येईल असं सगळं आहे.

त्यातली शेवटची ओळ महत्त्वाची. सोबतच्यांशी बोलण्याआधी प्रत्येकाने आपापलं लिहावं. सोसायटीच्या ग्रुपवर अर्धा तास चर्चा झाली की सगळ्यांना तीनच दिवे आणि त्रिकोणच आठवतो.

पाठवायचं कुठे, हे काय दिसलं त्यावर ठरतं. ओळख न पटलेल्या वस्तूंच्या नोंदी सामान्य माणसाकडून घेणारं स्वतंत्र सरकारी कार्यालय आपल्याकडे नाही. फ्रान्सच्या अवकाश संस्थेत असा विभाग १९७७ पासून आहे.

विमानांच्या वाटेत ड्रोन किंवा लेझरचा झोत दिसला, तर ११२. फोनवर ‘उडती तबकडी’ म्हणू नका. ‘ड्रोनसारखा दिवा, या ठिकाणाहून या दिशेला, इतक्या वाजल्यापासून’ एवढंच सांगा. ड्रोनला नियमांतल्या ‘हिरव्या’, म्हणजे मोकळ्या क्षेत्रातसुद्धा ४०० फुटांपर्यंतच परवानगी आहे आणि विमानतळाजवळ नियम त्याहून कडक आहेत, त्यामुळे ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

मोठी उल्का असेल तर इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशनचा ऑनलाइन अर्ज भरा. तो नेमके तुम्ही मोजलेले कोनच विचारतो. उल्का विझल्यावर लगेच घरात जाऊ नका, सहा-सात मिनिटं मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत थांबा: ८० किलोमीटरवरून गडगडाट पोहोचायला चार मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ कुणी थांबत नाही. सेकंद-दोन सेकंदांत संपली तर उल्का. अर्धा-एक मिनिट तुकडे होत संथ गेली तर बहुधा रॉकेटचा अवशेष. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर दिसलं ते असंच होतं, आणि त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूची मोठी कडी पडलेली सापडली.

असं काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका, हुंगूही नका. रॉकेटच्या टाक्यांमध्ये विषारी इंधनाचा अंश असू शकतो. लोकांना लांब ठेवा आणि ११२ वर किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर कळवा. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा मोह होईल, तो आवरा, लांबूनच काढा.

यांपैकी कशातच बसत नसेल तर अमेरिकेतलं नॅशनल यूएफओ रिपोर्टिंग सेंटर १९७४ पासून नोंदी गोळा करतं आणि परदेशातल्याही घेतं. अर्ज इंग्रजीत आहे. वेळ भारतीय प्रमाणवेळेत लिहून शेजारी तसं स्पष्ट लिहा, नाहीतर साडेपाच तासांचा घोळ होतो. उत्तराची वाट पाहू नका. त्याआधी ती नोंद मुंबई-ठाण्यातल्या एखाद्या हौशी खगोल अभ्यासकांच्या गटाला दाखवा. फुल्या मारलेला फोटो आणि दोन कोन बघून त्यांच्यातला एखादा चहा संपायच्या आत सांगेल की हे काय होतं.