तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडतंय? अर्थ लावताना या चुका टाळा

माझं स्वप्न पाण्याचं आहे. नळाला पाणी आलंय, गल्लीभर मोटारींची घरघर चाललीय आणि मी घरभर घागर शोधतेय. सापडत नाही. सापडलीच तर तिला बूड नसतं. तोवर नळ फुसफुसायला लागतो आणि मी जागी होते. सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको. चार-पाच दिवसांनी पाणी, तेही कधी रात्री अकराला, कधी पहाटे.

शेजारच्या अक्कांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पाणी दिसलं की लक्ष्मी येती की ओ!" लक्ष्मी काही आली नाही. मग मीच समजूत घातली: पाण्याची धास्ती आहे, म्हणून पाण्याचं स्वप्न. मनी वसे ते स्वप्नी दिसे. पुढं दारात हौद झाला, गच्चीवर टाकी बसली. धास्ती गेली. स्वप्न गेलं नाही.

अक्कांची आणि माझी चूक एकच होती. दोघीही पाण्याकडं बघत होतो.

दिसलेल्या वस्तूचा अर्थ शोधणं

साप दिसला तर अमुक, हत्ती दिसला तर तमुक, अशी स्वप्नफळं पूर्वी पातळ पुस्तिकांतून वाचायची, आता मोबाईलवर. पण रानात रोज साप बघणाऱ्या शेतकऱ्याचा साप आणि सातरस्त्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या पोरीचा साप एकच कसा असेल? यादीला तुम्ही कोण हे ठाऊकच नसतं. वारंवार पडणाऱ्या स्वप्नात वस्तू बदलत राहिली तरी भावना बहुतेक तीच असते, म्हणून धागा तिथून धरायचा. जाग आली त्या क्षणी काय वाटत होतं: भीती, लाज, घाई, एकटेपणा? आणि दिवसा तसंच कधी वाटतं?

माझ्या स्वप्नात घरचे सगळे झोपलेले असतात, ही गोष्ट कितीतरी वर्षं मला दिसलीच नव्हती. मी हाका मारते, कुणी उठत नाही. सासूबाईंच्या दवाखान्याच्या खेपा असोत की मुलाची ॲडमिशन, सगळं माझ्याच अंगावर आलं की त्या आठवड्यात ते स्वप्न हमखास पडतं. घागर निमित्ताला.

जुनं ठिकाण दिसलं म्हणून जुनीच गोष्ट समजणं

आमच्या बोळातल्या एका मामांना अजून मिलचा भोंगा ऐकू येतो. भोंगा वाजतोय, चप्पल सापडत नाही, गेट बंद होतंय. मिल बंद पडून किती वर्षं झाली! घरचे म्हणतात, म्हाताऱ्याला मिल आठवती. मी त्यांना विचारलं, स्वप्न कधी कधी पडलं? थोडं आठवून म्हणाले, मुलीच्या लग्नाच्या आधी, आणि परवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री. मिल आठवत नव्हती, 'वेळेत पोचेन का' हीच धाकधूक होती. मनाकडं त्या धाकधुकीचं जुनं, तयार चित्र होतं, ते त्यानं लावलं. पोराबाळांची माणसं दहावीच्या गणिताच्या पेपरानं घाबरून उठतात, तेही असंच.

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं धरून बसणं

पहाटेची स्वप्नं ठळक असतात हे खरं. कारण झोपेत आहे. 1953 मध्ये शिकागो विद्यापीठात आसेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी झोपेतली एक अवस्था नोंदवली: बंद पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात, आणि त्या वेळी उठवलं तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. ही अवस्था साधारण दर नव्वद मिनिटांनी येते आणि पहाटेकडं लांबत जाते. त्यात लगेच जाग आली की स्वप्न लक्षात राहतं. आपल्याकडं मे महिन्यात पंख्याखालीही घामानं रात्रभर जाग येते, तेव्हा स्वप्नं 'वाढलेली' वाटतात, ती यामुळंही.

शरीराला विसरणं

दात पडल्याचं स्वप्न म्हणजे घरात कुणीतरी जाणार, या भीतीनं माणसं सकाळी सकाळी गावाकडं फोन लावतात. इस्रायलमधल्या संशोधकांनी 2018 मध्ये हे स्वप्न तपासलं, तर त्याचा संबंध उठल्यावर दात-हिरड्या-जबड्यात जाणवणाऱ्या ताणाशी दिसला, मनाच्या त्रासाशी नाही. फोन लावायचाच तर दातांच्या डॉक्टरांना लावा. रक्तदाबाच्या बीटा ब्लॉकर गोळ्या आणि नैराश्यावरची काही औषधंही स्वप्नं भडक करतात. गोळी नवी सुरू झाली आणि स्वप्नं सुरू झाली, तर डॉक्टरांना सांगा. आपल्या मनानं बंद करू नका.

'विचारच करायचा नाही' म्हणणं

ही चूक मला सगळ्यात महागात पडली. झोपताना दाबून टाकलेला विचार स्वप्नात जास्त डोकावतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवलं. त्यापेक्षा उशाशी वही ठेवा. उठल्याउठल्या, कुणाशी बोलायच्या आधी चार ओळी: काय दिसलं, काय वाटलं, काल काय घडलं, झोप कशी होती. सांगत बसलात की आपण नकळत गोष्ट नीटनेटकी करतो, विसंगत तुकडे गळतात. आणि नेमके तेच कामाचे असतात. दोन-तीन आठवड्यांनी एका बैठकीत वाचा. एकाच पानावरून निष्कर्ष काढू नका.

स्वप्न भीतीदायक असेल तर त्याचा शेवट दिवसा, जागेपणी बदलून लिहायचा आणि तो नवा शेवट रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांपुढं आणायचा. वाईट स्वप्नांवर मानसोपचारात ही पद्धत वापरतात. अपघात, मारहाण किंवा अत्याचाराची आठवण जशीच्या तशी परत येत असेल, तर मात्र वहीवर भागवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि घरातलं वयस्कर माणूस स्वप्नात हातपाय झाडत असेल, ओरडून पलंगावरून पडत असेल, तर अंगारा लावून थांबू नका. तो झोपेचा आजार असू शकतो, काही वेळा पार्किन्सनच्या आधी दिसणारा. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

मी शेवट असा लिहिला: मी हाक मारते आणि मुलगा उठतो. खऱ्या घरातही पाण्याची एक पाळी त्याच्याकडं दिली, कुरकुरत का होईना घेतली त्यानं. स्वप्न आता कमी पडतं. मागच्या खेपेला तो खरंच उठला होता. घागर मात्र त्यालाही सापडत नव्हती.