बिलिंग सॉफ्टवेअरला ई-इन्व्हॉइस कसं जोडावं?

ई-इन्व्हॉइस म्हणजे सरकारी पोर्टलवर जाऊन बिल बनवणं, असा समज अजून बऱ्याच पेढ्यांवर आहे. खरं तर बिल तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये बनतं. त्यातली माहिती ठरलेल्या साच्यात जीएसटीच्या नोंदणी पोर्टलकडे जाते. पोर्टल ती तपासून आयआरएन हा ६४ अक्षरांचा क्रमांक आणि सही केलेला क्यूआर कोड परत देतं आणि मगच बिल छापायचं. पूर्वी ‘सेव्ह’ आणि ‘प्रिंट’ या दोन बटणांमध्ये कोणी नव्हतं. आता तिथे एक सरकारी यंत्रणा बसली आहे आणि ती बिल नाकारू शकते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचं सगळं नवं काम याच जागेत आहे.

१ ऑक्टोबर २०२० ला या सक्तीची सुरुवात झाली ती ५०० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांपासून. मोठ्या ईआरपीवाल्यांनी, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी, ते निभावलं. मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली, तेव्हा इचलकरंजीचा सूत व्यापारी आणि भोसरीचा सुटे भाग बनवणारा कारखानदारही यात आला. यातल्या अनेकांचं सॉफ्टवेअर गावातल्याच कुणीतरी लिहिलेलं असतं. हा लेख त्या लिहिणाऱ्यासाठी आहे.

पहिली पायरी : कोणाला लागू, ते ठरवा

२०१७-१८ पासूनच्या मागच्या कोणत्याही एका आर्थिक वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर नियम लागू. नंतर धंदा घटला तरी सुटका नाही. उलाढाल पॅनवर मोजतात. कोल्हापूरची पेढी आणि बेळगावची शाखा यांचे जीएसटी क्रमांक वेगळे असले तरी बेरीज एकच. खरेदीदाराच्या उलाढालीचा इथे संबंध नाही. किरकोळ ग्राहकाचं बिल पोर्टलला पाठवायचं नसतं, पण नोंदणीकृत पार्टीच्या बिलाबरोबर निर्यातीची बिलं, क्रेडिट नोट आणि डेबिट नोटही (आधीच्या बिलाची रक्कम कमी किंवा जास्त करणारी कागदपत्रं) पाठवाव्या लागतात. बँका, विमा कंपन्या, मालवाहतूक एजन्सी अशांना सूट आहे. हा निवाडा सॉफ्टवेअरने करावा, बिल करणाऱ्या मुलावर सोडू नये.

दुसरी पायरी : मास्टर साफ करा

मास्टर म्हणजे सॉफ्टवेअरमधली पार्ट्यांची आणि मालाची कायमची यादी. वेळ खातं ते हेच काम, आणि कोटेशनमध्ये नेमकं हेच धरलेलं नसतं. पार्टी मास्टरमध्ये पिनकोडच्या जागी फोन नंबर, पत्त्यात नुसतं ‘मार्केट यार्ड’, जीएसटी क्रमांक कधीच रद्द झालेला, असले प्रकार वर्षानुवर्षं खपून गेले, कारण कागदावर ते कुणी तपासत नव्हतं. पोर्टल तपासतं. पिनकोड आणि राज्य जुळलं नाही, राज्यातल्या विक्रीला आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा कर) लागला, बेरजेत रुपयापेक्षा जास्त फरक आला, तर बिल परत येतं. ५ कोटींच्या वर एचएसएन कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक, सहा अंकी हवा. बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, त्यात अक्षरं, अंक, तिरकी रेघ आणि आडवी रेघ एवढंच चालतं, सुरुवात शून्याने नको. मास्टर साफ झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नका, मालक कितीही घाई करो.

तिसरी पायरी : जोडणी

लहान सॉफ्टवेअरवाल्यांना जीएसपी म्हणजे अधिकृत मध्यस्थ कंपनीमार्फत जाणं सोयीचं पडतं. त्यासाठीचं युजरनेम-पासवर्ड ग्राहकाने, म्हणजे पेढीने, पोर्टलवरच्या स्वतःच्या खात्यातून तयार करायचं. तुम्ही ते साध्या मजकुरात साठवू नका. लॉगिननंतर मिळणारं टोकन सहा तास चालतं, दर बिलाला नवं मागायची गरज नाही. आधी सँडबॉक्सवर, म्हणजे पोर्टलच्या सरावाच्या जागेवर, चाचणी घ्या आणि तिथे मुद्दाम चुकीची बिलंही पाठवा.

चौथी पायरी : अडेल तिथली सोय

गाडी भरून उभी, ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवतोय आणि नेट गेलं. बिल पोर्टलपर्यंत पोचलं होतं, उत्तर मात्र आलं नाही. बिल करणारा पुन्हा बटण दाबतो आणि ‘२१५०, डुप्लिकेट’ अशी चूक येते. घाबरून तो नव्या नंबरचं बिल करतो आणि एका मालाची दोन बिलं सरकारदरबारी जमा होतात. म्हणून २१५० आली की सॉफ्टवेअरने आधीचाच आयआरएन मिळवून पडद्यावर आणावा.

आयआरएन चार गोष्टींवरून बनतो : विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि क्रमांक. रक्कम त्यात नाही. त्यामुळे रक्कम बदलून त्याच नंबरचं बिल पुन्हा पाठवता येत नाही. चूक सापडली तर आयआरएन मिळाल्यापासून २४ तासांत पूर्ण बिल रद्द करता येतं, अर्धवट नाही, आणि रद्द झालेला नंबर पुन्हा वापरता येत नाही. ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. २४ तास उलटले की क्रेडिट नोट काढा किंवा जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात दुरुस्ती करा. आयआरएन मिळाल्यावर ते बिल सॉफ्टवेअरमध्ये कुलूपबंदच करा. ‘आमच्या अकाउंटंटला तरी एडिट द्या’ ही मागणी येईलच, देऊ नका.

चूक दाखवणारा संदेशही मराठीत, काय करायचं ते सांगणारा असावा. ‘पार्टीचा पिनकोड तपासा’ एवढ्या एका ओळीने तुमचे निम्मे फोन वाचतील.

पाचवी पायरी : तारखांवर नजर

१ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्यापुढच्या उलाढालीला बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत नोंदणी करावी लागते; त्यानंतर पोर्टल बिल घेतच नाही. आयआरएन नसलेलं बिल कायद्याने बिलच धरत नाहीत आणि समोरच्या पार्टीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं. म्हणून नोंदणी राहिलेल्या बिलांची यादी सॉफ्टवेअर उघडताच समोर यावी.

चालू वर्षात ५ कोटी ओलांडणाऱ्याला पुढच्या १ एप्रिलपासून नियम लागतो. उलाढालीचा आकडा तुमच्या सॉफ्टवेअरमध्येच असतो, तेव्हा अशा ग्राहकांची यादी जानेवारीत काढा आणि मास्टर साफ करायचा खर्च एएमसीपेक्षा (वार्षिक देखभालीच्या शुल्कापेक्षा) वेगळा सांगा. मार्चअखेरीस सांगायला गेलात तर अकाउंटंट फोन उचलणार नाही.