अक्षावरचे आकडे बिघडतात कुठे? या चुका टाळा

2001 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 9,68,78,627 होती, 2011 मध्ये ती 11,23,74,333 झाली. हे दोन आकडे मॅटप्लॉटलिबला (पायथनमध्ये आलेख काढायच्या लायब्ररीला) देऊन स्तंभालेख काढा. उभ्या अक्षावर 0.2, 0.4, 0.6 असं काहीतरी उमटतं आणि वर कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, 'याला दहाच्या आठव्या घाताने गुणा' अशी खूण बसते. चित्र कापून अहवालात चिकटवताना नेमकी तीच खूण कात्रीत सापडते. मग अख्ख्या महाराष्ट्रात उरतो एक माणूस आणि वर थोडासा!

दहा लाख ओलांडले की मॅटप्लॉटलिब आपणहून घातांकात शिरतं. 'टिकलेबल_फॉरमॅट' या आज्ञेत 'स्टाइल' ला 'प्लेन' दिलं की घातांक जातो, पण बरेच जण तिथेच थांबतात. कारण कोपऱ्यात आणखी एक पाहुणा येऊ शकतो: ऑफसेट. हवेचा दाब 1,00,001 ते 1,00,009 पास्कलच्या दरम्यान हलत असेल, तर अक्षावर नुसते 1 ते 9 दिसतात आणि उरलेले एक लाख अधिक चिन्ह लावून कोपऱ्यात जाऊन बसतात. ही बेरीज आहे, गुणाकार नाही, आणि घाईत वाचणारा इथेच फसतो. 'प्लेन' ने ऑफसेट जात नाही, त्यासाठी 'युजऑफसेट' वेगळं बंद करावं लागतं. लॉग अक्षावर (1, 10, 100 असा पटीने वाढणाऱ्या) मात्र ही आज्ञा चालतच नाही, सरळ एरर येते.

घातांक गेला की 100000000 असा स्वल्पविराम नसलेला आकडा उरतो. त्यातली शून्यं बोटाने मोजत बसण्यापेक्षा मी तरी मूळ आकड्यांनाच एक कोटीने भागतो आणि अक्षाच्या नावात 'लोकसंख्या, कोटींत' असं लिहितो. 9.69 आणि 11.24 कोणालाही वाचता येतात.

एक्सेलमध्ये दुखणं वेगळं. नेहमीच्या फॉरमॅटमध्ये स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतात, आपल्याला हवेत लाख-कोटीचे. विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये भारतीय गट निवडले की आपल्या यंत्रावर ते नीट दिसतात, पण ती सेटिंग फाइलसोबत जात नाही. दुसऱ्याच्या यंत्रावर पुन्हा मिलियनची मांडणी. म्हणून अक्षावर उजवी क्लिक करून 'फॉरमॅट ॲक्सिस', त्यात 'नंबर', आणि तिथे हे टाका:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

यातही एक खोच आहे. एका फॉरमॅटमध्ये अटी दोनच बसतात, त्यामुळे ऋण आकडे तिसऱ्या भागात घसरतात आणि बारा लाखांचा तोटा -12,00,000 ऐवजी -1,200,000 दिसतो. नफा-तोट्याच्या आलेखाला म्हणून हा उपाय नको. तिथे 'डिस्प्ले युनिट्स' मध्ये 100000 किंवा 10000000 निवडा (हेच आपले लाख आणि कोटी) आणि शेजारी येणाऱ्या लेबलवर क्लिक करून 'लाख रुपये' असं लिहा. 'नंबर' मधली 'लिंक्ड टू सोर्स' ची टिकही काढलेली बरी, नाहीतर शीटमधल्या रकान्याचा फॉरमॅट बदलला की अक्षही बदलतो.

सगळ्यात फसवी चूक मात्र दशांश लपवण्याची. एक्सेलमध्ये अक्षावर 0, 0.5, 1, 1.5, 2 अशा खुणा आहेत आणि दशांश डोळ्यांत खुपतात म्हणून फॉरमॅट '0' केला, तर अक्षावर दिसतं 0, 1, 1, 2, 2. खुणा जागच्या जागी आहेत, फक्त पाट्या खोट्या झाल्या. वर्षांच्या आलेखात 2012.5 दिसलं की असंच होतं. फॉरमॅट केवळ पाटी रंगवतो, खूण कुठे रोवायची हे ठरवणारा कारभारी वेगळा. एक्सेलमध्ये 'मेजर युनिट' 1 करा, मॅटप्लॉटलिबमध्ये 'मॅक्सएनलोकेटर' ला पूर्णांकच घ्यायला सांगा. पाट्या हाताने लिहून 'सेट_एक्सटिकलेबल्स' ला देण्याचा मोह तर टाळाच. खुणांच्या जागा आधी पक्क्या केल्या नसतील, तर झूम केल्यावर खुणा सरकतात आणि पाट्या जुन्याच राहतात.

टक्क्यांचंही तसंच. मॅटप्लॉटलिबचा 'परसेंटफॉरमॅटर' 100 म्हणजे शंभर टक्के असं धरून चालतो. तुमचे आकडे 0 ते 1 मधले असतील तर 0.45 चे 45 टक्के न होता 0.45 टक्केच छापले जातात. त्याला 'एक्समॅक्स' 1 द्या.

अक्षावर प्रत्येक आकडा दाटीवाटीने उमटतोय आणि क्रमही वेडावाकडा आहे? मग फॉरमॅटमध्ये शोधू नका. सीएसव्हीतला (साध्या मजकुराच्या तक्ता-फाइलमधला) "1,25,000" स्वल्पविरामामुळे मजकूर म्हणून वाचला गेलाय आणि मॅटप्लॉटलिबने त्याला आकडा न मानता नाव मानलंय. स्वल्पविराम काढून आधी संख्येत बदला.

आणि मराठी फॉन्ट लावल्यावर उणे चिन्हाच्या जागी चौकोन आला, तर त्या फॉन्टमध्ये गणिती उणे नाही. मॅटप्लॉटलिबच्या सेटिंगमधलं 'ॲक्सेस.युनिकोड_मायनस' बंद केलं की साधी आडवी रेघ येते.