गेमसाठी अ‍ॅनिमेशन: डिझायनरशी सूत जुळवताना

फिल्मच्या अ‍ॅनिमेशनमधून गेमकडे वळलात की पहिली खडाखडी होते ती तयारीच्या पोझवरून. वार करायचा तर आधी हात मागे गेला पाहिजे, भार मागच्या पायावर आला पाहिजे, हे आपल्या अंगवळणी पडलेलं. मी नायकाच्या तलवारीला सेकंदाला २४ फ्रेमच्या (चित्रांच्या) हिशेबानं ८ फ्रेमची तयारी दिली होती, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. दिसायला झकास. डिझायनरनं बटण दाबून पाहिलं आणि म्हणाला, "मी केव्हाच दाबलंय, हा अजून विचारच करतोय!"

बटण दाबल्यापासून वार लागेपर्यंतचा वेळ हा खेळाचा नियम आहे, आणि नियम डिझायनरच्या अखत्यारीत. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, त्याला वार ६ फ्रेममध्ये हवा होता. तेवढ्यात तयारीचं फार तर एखादं चित्र बसतं. मग वजन दाखवायचं कुठे? वार लागल्यानंतर. एक ताणलेलं, फराट्यासारखं चित्र, लगेच फटक्याची पोझ आणि पुढे तोल सावरणं सावकाश. हे सावरणं मध्येच तोडून खेळणाऱ्याला उडी मारता आली पाहिजे. कुठल्या फ्रेमपासून, ते दोघांनी बसून ठरवायचं. शत्रूचं गणित उलटं. त्याची तयारी लांबली तरच खेळणाऱ्याला बाजूला व्हायला वेळ मिळतो. आपली हौस तिथे फेडून घ्यावी.

२०१७ सालचा 'कपहेड' हा गेम बघा. हातानं काढलेली चित्रं सेकंदाला २४ नं चालतात, गेम ६० नं.

पात्राच्या जागी ठेवलेला डिझायनरचा करडा ठोकळा मनासारखा उड्या मारेपर्यंत पेन्सिल उचलू नका. मग दोन-तीन कच्च्या पोझ टाका, खेळून बघा. क्लीनअप, म्हणजे कच्च्या चित्रांच्या पक्क्या रेषा, झाल्यावर वेग बदलला, तर भांडण ठरलेलं. बारीकसारीक गोष्टीही विचारून घ्या. कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेमपर्यंत उडी मारू देण्याची सवलत बऱ्याच गेममध्ये असते, तिला कोयोटी टाइम म्हणतात. त्या फ्रेममध्ये तुम्ही घसरून पडण्याची पोझ दाखवलीत, तर पडणारा माणूस हवेतून उडी मारताना दिसतो. पोझ तेवढी उशिरा सुरू करायची.

पिव्होट, म्हणजे गेम चित्र ज्या बिंदूवर टेकवतो तो, सगळ्या चित्रांत पायाशी एकाच जागी ठेवा, नाहीतर पात्र थरथरतं. फाइलींची नावं आणि पैशांची वाटणी पहिल्याच आठवड्यात लिहून काढा.

जोडीदार पारखायला गेम जॅमसारखी, म्हणजे ठरलेल्या थोड्या वेळात गेम बनवण्याच्या उपक्रमासारखी, जागा नाही. लुडम डेअर या ऑनलाइन उपक्रमाच्या जॅममध्ये टीमला ७२ तास मिळतात. तेवढ्यात कळतं, समोरचा नुसतं "मजा येत नाही" म्हणतो की "चौथी फ्रेम काढून बघू" म्हणतो.