निर्णय-साहाय्याची केस लिहिताना आणि शिकवताना या चुका टाळा

सांगलीत व्यवस्थापनशास्त्र शिकवताना दरवर्षी माझ्यासमोर निर्णय-साहाय्य प्रणालींवरच्या, म्हणजे माणसाला निर्णय घ्यायला मदत करणाऱ्या संगणकप्रणालींवरच्या, प्रकल्प अहवालांचा गठ्ठा येतो. त्यांतील बहुतेकांत ‘केस स्टडी’ या मथळ्याखाली संस्थेचा इतिहास, संचालक मंडळाची यादी, संगणकाच्या पडद्याची दहा-बारा चित्रे आणि शेवटी ‘प्रणालीमुळे कार्यक्षमता वाढली’ असे एक वाक्य असते. कोणी, कोणत्या दिवशी, काय ठरवले आणि ठरवताना त्याच्यापुढे दुसरे कोणते पर्याय होते, हे मात्र त्यात सापडत नाही. विद्यार्थ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण माझी पहिली केसही अशीच होती.

केस प्रणालीची लिहिली जाते, निर्णयाची नाही

व्यवस्थापनाचे अभ्यासक गोरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी १९७१ मध्ये मांडलेली निर्णयांची विभागणी येथे आठवावी. काही निर्णय पूर्णपणे नियमांत बसतात, काही मुळीच बसत नाहीत आणि काहींचा निम्मा भाग आकडेमोडीचा, तर निम्मा माणसाच्या अंदाजाचा असतो. निर्णय-साहाय्य प्रणालीचे खरे काम या तिसऱ्या प्रकारात असते. त्यामुळे माणसाचा निम्मा भाग वगळून लिहिलेली केस ही प्रणालीचे माहितीपत्रक ठरते.

आमच्या भागातील उत्तम उदाहरण म्हणजे साखर कारखान्याचा ऊसतोडणी कार्यक्रम. शेतकी विभागाकडे उसाची नोंद असते. जुलै-ऑगस्टच्या लागणीची आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीची सुरू आणि त्यानंतर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा आलेले पीक) अशा क्रमाने संगणक लागणीची तारीख, उसाची जात व ब्रिक्सची (रसाच्या गोडीच्या मापाची) नोंद पाहून तोडणीची यादी लावतो. एका कारखान्यात मी संगणक विभागाच्या प्रमुखांशी आणि शेतकी अधिकाऱ्यांशी बोललो, पडद्यांची चित्रे घेतली आणि ‘तोडणी कार्यक्रम पूर्णतः संगणकीकृत आहे’ असे लिहून मोकळा झालो. ती केस वर्गात मांडली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, आमची आडसाली उभी असताना शेजारचा खोडवा आधी कसा गेला?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

मग मी कारखान्याच्या गट ऑफिसात (काही गावांच्या उसाचे काम पाहणाऱ्या कार्यालयात) जाऊन स्लिपबॉयची, म्हणजे तोडणीच्या स्लिपा देणाऱ्या कर्मचाऱ्याची, वही पाहिली. डाव्या बाजूला संगणकाच्या यादीतील क्रमांक होते आणि उजव्या बाजूला पेन्सिलीने खरडलेले शेरे: ‘वाट ओली’, ‘तुरा आला, आधी’, ‘मुकादम गावी’, ‘पाणी चालू’, आणि एका ठिकाणी नुसतेच ‘साहेबांचा फोन’. तुरा (फुलोरा) आलेला ऊस उभा ठेवला तर वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात, आणि वाट ओली असेल तर भरलेला ट्रॅक्टर सरीतच रुततो. म्हणजे यादी मोडण्याची बहुतेक कारणे रास्त होती, मात्र संगणकाला त्यांतले एकही माहीत नव्हते. निर्णय घडत होता तो संध्याकाळी, त्या पेन्सिलीने.

तेव्हापासून मी कोणत्याही संस्थेत पहिली मागणी एकच करतो: प्रणालीने एक सुचवले आणि माणसाने दुसरे केले, असे अलीकडचे दहा प्रसंग दाखवा. असे प्रसंग नाहीत असे उत्तर मिळाले, तर प्रणाली निर्दोष आहे असे न समजता आपण चुकीच्या टेबलासमोर बसलो आहोत असे समजावे. मुलाखतींचा क्रमही खालून वर ठेवावा, कारण वरिष्ठांनी एकदा ओळख करून दिली की पुढचा प्रत्येकजण त्यांचेच वाक्य थोडे बदलून ऐकवतो. मुलाखतीतील विधानाला तारीख असलेला कागद किंवा संगणकातील नोंद यांपैकी एकाचा तरी आधार हवा. तो मिळत नसेल, तर ते विधान सांगणाऱ्याच्या तोंडीच ठेवावे, आपल्या निवेदनात मिसळू नये.

शेवट आधी सांगितला जातो

ही चूक मला सर्वांत महाग पडली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरावर मी वर्गासाठी केस केली होती. विषय मोलाचा होता: १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेच्या कोयना धरणातून पाणी केव्हा आणि किती सोडावे? कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, वारणा हरिपूरला मिळते आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा व ४५ फुटांना धोक्याची पातळी मानली जाते. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. मी हा आकडा आणि बुडालेल्या पेठेचे छायाचित्र पहिल्याच पानावर दिले. पाच मिनिटांत सगळ्या वर्गाचे एकमत झाले: दरवाजे आधी उघडायला हवे होते. चर्चा तिथेच संपली. वर्गातील निम्म्या मुलांच्या घरांत त्या वर्षी पाणी आले होते, त्यामुळे त्यांचा राग खरा होता, पण शिकणे काहीच झाले नाही.

निकाल कळल्यावर तो आधीपासूनच अटळ होता असे माणसाला वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञ बरूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले आहे. केस लिहिणाऱ्याला हा दोष दुहेरी लागतो, कारण मुलाखत देणारे अधिकारीही ‘आम्हाला तेव्हाच वाटले होते’ असे सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात.

आता मी तीच केस दोन लिफाफ्यांत देतो. पहिल्यात ठरावीक दिवसापर्यंत उपलब्ध असलेला साठा, आवक, पावसाचा अंदाज आणि धरण भरण्याचे ठरलेले वेळापत्रक एवढेच असते, आणि त्यावर वर्षाचा उल्लेख नसतो. प्रत्येकाने आपला निर्णय व त्याबद्दलची खात्री शंभरापैकी किती, हे लिहून सही केल्याशिवाय दुसरा लिफाफा उघडत नाही. शिवाय महापुराच्या वर्षाबरोबर २०२३ सारखे वर्षही ठेवतो. त्या साली पाऊस कमी पडला, कोयना पूर्ण भरले नाही, आणि पुढे हेच सांगलीकर कोयनेतून पाणी सोडा म्हणून मागणी करत होते. आधी सोडलेले पाणी परत आणता येत नाही, हे तेव्हा मुलांच्या ध्यानात येते.

येथेच एककांचा घोळही शिकवून जातो. साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) आणि नदीची पातळी फुटांत असते. एका गटाने ‘दिवसभरात १० टीएमसी सोडून धरण मोकळे करावे’ असा ठराव केला. एक टीएमसी एका दिवसात सोडायचा तर सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग लागतो, म्हणजे हा ठराव एक लाख सोळा हजार क्युसेकच्या घरात जाणारा होता. पूर टाळण्यासाठी त्यांनी पूरच सोडला होता. केस लिहिताना सर्व आकडे एकाच एककात नीटनेटके मांडण्याचा मोह म्हणूनच आवरावा. नोंदीतील गाळलेल्या जागाही तशाच राहू द्याव्यात, कारण निर्णय घेणाऱ्यासमोर त्या तशाच होत्या. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष वेळेतील पूर-अंदाज आणि धरण परिचलनाची प्रणाली उभारली गेली. ‘प्रणाली होती, मग पूर कसा आला?’ हा प्रश्न विद्यार्थी विचारतातच. अंदाज सांगणे आणि धोका कोणाच्या माथी ठेवायचा हे ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हा धडा मी या प्रश्नावरूनच सुरू करतो.

एका केसवरून सगळ्यांचे माप

एका कारखान्यात यादी मोडली जाते, यावरून ‘पश्चिम महाराष्ट्रात ६० टक्के याद्या मोडल्या जातात’ असे काहीही निघत नाही. केस-संशोधनाच्या पद्धतीवर लिहिणारे रॉबर्ट यिन यांनी सांगितल्याप्रमाणे केसवरून सामान्यीकरण होते ते सिद्धान्ताकडे, लोकसंख्येकडे नव्हे. म्हणून दुसरी केस निवडताना पहिलीची जुळी बहीण शोधू नये. आपले म्हणणे जिथे मोडण्याची शक्यता आहे अशी निवडावी. सहकारी कारखान्यात ऊस घालणारा सभासद संचालक मंडळाचा मतदारही असतो, खाजगी कारखान्यात नसतो. यादी मोडण्यामागच्या दबावाबद्दलचे आपले म्हणणे दोन्हीकडे टिकले, तरच त्याला काही वजन आहे.

शिक्षकाने तासाच्या शेवटी ‘बरोबर उत्तर’ सांगणे हीदेखील चूकच, पण त्यावर फार लिहिण्याची गरज नाही. एकदा सांगितले की पुढच्या वर्षीची तुकडी उत्तर वहीत घेऊनच येते.

नाव बदलले म्हणजे ओळख लपली असे मानणे

मोठ्या शहरात ‘एक कारखाना’ म्हटले की भागते. आमच्याकडे तालुका आणि गाळप क्षमता सांगितली की चहाच्या टपरीवरचा माणूसही नाव सांगतो. निर्णयाशी संबंध नसलेले तपशील बदलावेत आणि मसुदा अध्यक्षांबरोबरच ज्याची वही पाहिली त्यालाही वाचायला द्यावा. मी तसे केले. त्याने सगळे वाचले आणि ‘साहेबांचा फोन’ या शेऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, “सर, गटात स्लिपबॉय मी एकटाच हाय.” कारखाना, गट, वर्ष यांपैकी काहीही येथे सांगत नसल्याने तो शेरा लिहिता आला, पण वर्गात वाटतो त्या केसमधून मी तो काढून टाकला आहे. त्यामुळे केसचा निम्मा जीव गेला हे मला मान्य आहे. वर्गात मी फक्त विचारतो, “यादी आणखी कशाने मोडत असेल?” ज्याच्या घरी ऊस आहे असा एखादा मुलगा हसतो आणि उत्तर देतो.