छोट्या कॅम्परमध्ये पाण्याची सोय: दोन कॅन, एक पंप, एक नळ

छोट्या कॅम्परमध्ये, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीत, पक्की टाकी बसवायचा मोह आवरा. ती बाकाखाली जाऊन बसते, आत हात जात नाही, आणि पाण्याला वास यायला लागला की नेमकं कुठे काय साचलंय ते दिसतही नाही. त्यापेक्षा उचलून नेता येतील असे दोन कॅन बरे, एक चांगल्या पाण्याचा आणि एक सांडपाण्याचा. सोबत छोटा पंप, नळ आणि जेमतेम दोन मीटर पाइप. जोड जितके कमी, तितक्या गळतीच्या जागा कमी.

आधी कॅन ठरवा. पाण्याचं वजन लिटरला एक किलो, म्हणजे २० लिटरचा भरलेला कॅन २० किलोंच्या वर जातो. कंबर कुरकुरत असेल तर १० लिटरचे दोन घ्या. स्वयंपाक, पिणं आणि हात-भांडी धुणं एवढंच असेल तर काटकसरीने वापरणाऱ्या दोघांना २० लिटर साधारण दोन दिवस पुरतात. अंघोळ यात धरलेली नाही. कॅन फूड ग्रेड प्लॅस्टिकचा, हात आत जाईल इतक्या रुंद तोंडाचा आणि अपारदर्शक हवा, कारण उजेड मिळाला की आत शेवाळ धरतं. सांडपाण्याचा कॅन तेवढाच किंवा थोडा मोठा, पण रंगाने वेगळा. घाईत अदलाबदल झाली तर काय होईल ते सांगायला नको.

दोन्ही कॅन सिंकखालच्या कपाटात, शक्य तितके खाली ठेवा आणि पट्ट्याने आवळा. ब्रेक मारल्यावर २० किलोंचा कॅन कपाटाचं दार उघडून बाहेर येऊ शकतो.

पंपाचे दोन पर्याय सोयीचे. पायाने दाबायच्या पंपाला वीज लागत नाही, दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाणी आपोआप बेताने वापरलं जातं. दुसरा १२ व्होल्टचा सबमर्सिबल, जो कॅनच्या तोंडातून थेट पाण्यात सोडायचा. पण मिनिटाला १० लिटर फेकणारा पंप २० लिटरचा कॅन दोन मिनिटांत रिकामा करतो, हे लक्षात असू द्या. वीज बेताची असेल तर मी पायाचाच घेईन. पुढची जोडणी मात्र सबमर्सिबलची सांगतो, कारण चुका तिथेच जास्त होतात.

नळासाठी भोक पाडण्याआधी ओट्याखाली वाकून पाहा. खाली आडवी पट्टी असली तर नळाचं नट बसणार नाही. नळ मायक्रोस्विचवाला घ्या, म्हणजे तो उघडला की पंप चालू होईल आणि बंद केला की थांबेल. साधा नळ लावलात तर पंप बंद नळाशी झुंजत राहील. पाइप पिण्याच्या पाण्यासाठीचा, आणि आतला व्यास पंप-नळाच्या तोंडाला जुळणारा, बहुधा १० किंवा १२ मिमी. टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करा, तोंडावर पूर्ण सरकवा, मग क्लॅम्प आवळा.

कॅनच्या झाकणाला पाइप आणि वायरसाठी भोक पाडाल, तेव्हा हवेसाठी एक बारीक छिद्रही ठेवा. पहिल्या खेपेला मी झाकण अगदी हवाबंद केलं होतं. पाणी उपसताच कॅनच्या कडा आत ओढल्या गेल्या आणि नळाची धार बारीक होत गेली. पंपालाच दोष देत बसलो होतो.

वायरिंग सोपं आहे. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूज, तिथून नळाचा स्विच, मग पंप, आणि परत निगेटिव्हला. फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा. किती अँपिअरचा ते पंपाच्या माहितीपत्रकात असतं. पंप घरघरतो पण धार मरतुकडी, असं झालं तर दोन वायरी उलटसुलट लागल्यात का ते पाहा. धार अजिबातच नसेल तर बहुधा पंपात हवा अडकली आहे. तो पाण्यातच धरून हलवा, बुडबुडे निघून जातील.

सिंकचा पाइप सांडपाण्याच्या कॅनपर्यंत सरळ उतारावर न्या. मध्ये झोळ पडला की पाणी तिथेच कुजतं.

आता गळती तपासा. प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून नळ पाच-सात वेळा उघडबंद करा. बोटाला न जाणवणारा थेंबही कागदावर दिसतो.

पिण्याआधी निर्जंतुकीकरण चुकवू नका. २० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं, सुगंध नसलेलं द्रव ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट) २० मिली टाका, नळातून वास येईपर्यंत पाणी सोडा आणि चार तास तसंच राहू द्या. मग सगळं ओतून, वास जाईपर्यंत दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवा. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. काही आठवडे गाडी उभी राहिली असेल तर हे पुन्हा करा.

गाडी उभी करून ठेवताना पाइप आणि पंप पूर्ण रिकामे करा. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, आणि थंडीत तेवढ्यानेही नळ किंवा पंप तडकतो. कॅन धुऊन झाकण न लावता उपडा ठेवा.